थंडी आली हे नक्की कशावरून ठरवायचं? (आणि बाबांच्या वहीतला 'गा.')

मळ्यातली
१४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी निफाडची, म्हणजे माहेर निफाड. दिवाळीपासून आईकडे आहे. परवा माळा आवरायला काढला तर बाबांच्या दुकानाच्या वह्या निघाल्या, त्या लांबट लाल कापडी पुठ्ठ्याच्या असतात ना तशा. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हिशोब लिहिता लिहिता समासात एखाद-दोन शब्द टाकायची त्यांना सवय, 'पाऊस', 'काकू गेल्या', 'ट्यूब २ डझन आणणे' असलं.

तर १९७९ पासून २०१८ पर्यंत दरवर्षी एकदा, न चुकता, समासात लिहिलंय 'थंडी आली'. तारीख दरवर्षी वेगळी. १९८८ ला २७ ऑक्टोबर, १९८१ ला ६ नोव्हेंबर, १९९७ ला तर पार ११ डिसेंबर. २००९ ला आधी '११ नोव्हें. फयान. ढग' (फयान म्हणजे ते चक्रीवादळ) आणि मग खाली २५ तारखेला 'थंडी आली'. घरात थर्मामीटर फक्त तापाचा. पेपरमधले आकडे बघून लिहिलं म्हणावं तर पेपर दुकानात दुपारी यायचा आणि ही नोंद पानाच्या अगदी वर, पहिल्या गिऱ्हाइकाच्याही आधी आहे. म्हणजे दुकान उघडल्या उघडल्या लिहिलेली.

आणि प्रत्येक नोंदीपुढे 'गा.' असं लिहून त्याला गोल केलाय. चाळीस वर्षं तेच. आईला विचारलं तर म्हणाली मला नाही बाई ठाऊक, कधी बोलले नाहीत. बाबा २०१९ च्या फेब्रुवारीत गेले, त्यामुळे आता विचारणार कोणाला.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या गावात थंडी आली हे तुम्ही कशावरून ओळखता? आणि हे 'गा.' काय असेल?

---

चुलीवरची
'गा.' म्हणजे गारठा. सोप्पं आहे.

---

मळ्यातली
@चुलीवरची, 'थंडी आली' लिहिल्यावर पुन्हा गारठा कशाला लिहितील? बाबा शब्दाला फार काटकसरी होते हो.

---

शाळाबाई
गाजर! आमच्याकडे बाजारात लाल गाजरं आली की थंडी आली. माझा मुलगा लहानपणी म्हणायचा, "आई, गाजरं थंडी घेऊन येतात का थंडी गाजरं घेऊन येते?" अजून उत्तर देता आलेलं नाही.

---

धुळेकर_भाऊ
निफाडचं नाव निघालंय म्हणून सांगतो, आमनी धुळानी थंडी बी काही कमी नही शे भाऊ. पेपरात दरवर्षी पारा उतरला की निफाडचा फोटो येतो, धुळ्याचा नाही, हे दुःख आहे.
बाकी आमच्याकडे थंडीची खूण एकच. भरीत. हिरवी-पांढरी लांब वांगी आली, तुरीच्या काड्यांवर भाजली, कांद्याची पात आणि भरपूर शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. त्याआधी कितीही कुडकुडलात तरी ती थंडी नाही.

---

चुलीवरची
@धुळेकर_भाऊ, पण चातुर्मासात वांगं न खाणारे लोक चंपाषष्ठीपर्यंत थांबतात ना? आमच्या घरी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्याशिवाय वांगं आणि कांदा घरात येत नसे. म्हणजे मार्गशीर्ष उजाडायचा. आजी म्हणायची, आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, तेव्हाची थंडी ही पाहुणी. खरा हेमंत मार्गशीर्षात. माझं मत आजीच्या बाजूने.

आणि बाजरीची भाकरी. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून पीठच दळायचं नाही, आणि एके दिवशी आई विचारायची "आज बाजरी करू का?" की समजायचं. धुंधुरमासात उजाडायच्या आत गरम मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. पाच भावंडं पाटावर डोळे चोळत बसायचो, अर्धवट झोपेत खाल्लेल्या त्या जेवणाची चव मला अजून येते.

---

कादवाकाठ
ताई मी पण तालुक्यातलाच, द्राक्षवाला. वाचतोय सगळं, छान आहे, पण एक सांगतो, राग मानू नका. गुलाबी थंडी, भरीत, हुरडा हे सगळं रस्त्यावरून जाणाऱ्याला. बागेत उभं राहून बघा.

आमची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने सगळं लक्ष पाऱ्यावर. थोडी थंडी पाहिजेच, नाही असं नाही. पण पारा ७-८ च्या खाली गेला की वेलीचं कामकाज थंडावतं, मण्याची फुगवण थांबते, मुळ्या पाणी-खत उचलत नाहीत. मण्यात पाणी उतरायच्या वेळेला कडाका पडला तर मणी तडकतात. एक तडकला की रस गळून बाजूचे चार सडतात. आणि थॉमसन जातीच्या द्राक्षाला दिवसा ऊन, रात्री कडाका असा फरक पडला की हिरवा मणी गुलाबी पडतो, पिंक बेरी म्हणतो आम्ही. चवीला काही फरक नाही पण एक्सपोर्टवाला हात लावत नाही. म्हणून एकेका घडाला पेपर गुंडाळायचा. एकरात हजारो घड असतात हो, आणि पेपर लावणाऱ्या बाया पहाटे दवात उभ्या राहून हात बधिर होईस्तोवर ते काम करतात.

रात्री दोन-तीनला उठून बांधावर शेकोट्या पेटवायच्या, ओला पालापाचोळा टाकून धूर करायचा, पहाटे ड्रिप चालू करायचं कारण विहिरीचं पाणी जमिनीपेक्षा कोमट असतं. आणि हे करताना बाजूला ऊस, उसात बिबट्या. आम्ही थंडी आली हे असं ओळखतो.

---

मळ्यातली
@कादवाकाठ दादा, राग कसला, बरं झालं लिहिलंत. आमच्या चुलत्यांची बाग होती, पेपर लावायला मी पण गेलेय शाळेच्या सुट्टीत. बोटांना चिरा पडायच्या आणि रात्री आई त्यात कोकम तेल भरायची.

---

रानवारा
कादवाकाठ यांच्याशी सहमत, पण दुसरी बाजूही येऊ द्या. आमचा गहू-हरभरा. थंडी नसेल तर गव्हाला फुटवे येत नाहीत, ओंबी लवकर निसवते आणि दाणा बारीक राहतो. ज्या वर्षी जानेवारीपर्यंत दुलई लागली त्या वर्षी गहू बघून घ्यावा. एकाच बांधाच्या अलीकडे द्राक्षवाला थंडी कमी होऊ दे म्हणून हात जोडतो आणि पलीकडे गहूवाला वाढू दे म्हणून.

तुमच्या निफाडचा आकडा तरी कुठून येतो? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ते केंद्र. त्र्यंबक, गोदावरी, तपोवन, नेत्रावती हे सगळे गव्हाचे वाण तिथलेच. गव्हाला थंडी लागते म्हणून गव्हाचं केंद्र तिथे आणि केंद्रावर तापमान मोजतात म्हणून तुमच्या थंडीची बातमी.

आमचं खरं दुखणं थंडी नाही, रात्रीची लाईट आहे. वीज पाळीपाळीने, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पौषात रात्री दीडला मोटार चालू करून गुडघाभर गार पाण्यात दारं मोडायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. माझे वडील सत्तरीत पण ऐकत नाहीत, जातात. थंडी आली की मला त्यांची काळजी आधी येते.

---

परभणीचा_पाहुणा
रात्रीच्या लाईटबद्दल +१००. आमच्याकडेही तेच.
आणि निफाड, धुळे यांनी भांडून घ्या, पण परभणीला विसरू नका, कृषी विद्यापीठाचा आकडा बघत चला अधूनमधून.

---

हवा_पाणी
हवामान हा माझा आवडीचा विषय आहे म्हणून जरा लांबण लावतो.

लोकांना नेहमी वाटतं की उंचावर थंडी जास्त. महाबळेश्वर जवळजवळ १३७० मीटरवर, निफाड साडेपाचशेच्या आसपास. तरी पारा निफाडला खाली का जातो? कारण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि जमिनीलगतची हवा सगळ्यात आधी गार होते. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट भागात जाऊन साचते. निफाडचा परिसर गोदावरी-कादवेचा सखल भाग. महाबळेश्वरलासुद्धा दवबिंदू गोठले अशी जी बातमी असते ती गावातली नसते, वेण्णा लेकच्या खोलगट भागातली असते.

दुसरं, ढग म्हणजे गोधडी. आकाशात ढग असले की जमिनीची ऊब बाहेर जात नाही. त्यामुळे नोव्हेंबरात समुद्रात काही वादळ-बिदळ झालं की थंडी गायब. मळ्यातली यांच्या बाबांनी २००९ ला 'फयान. ढग' लिहिलंय ते अगदी अचूक आहे. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला कोकण किनाऱ्याला आलं होतं. सायकलच्या दुकानात बसून थंडी का नाही आली याचं कारण त्यांनी दोन शब्दांत लिहून ठेवलंय, मला फार कौतुक वाटलं.

तिसरं, उत्तरेत हिमालयात बर्फ पडलं आणि ती ढगाळ हवा पुढे सरकली की मागून कोरडे उत्तरेचे वारे खाली येतात. आपल्याकडे खरा कडाका त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस असंच झालं होतं, निफाडला पारा २ च्याही खाली गेला आणि त्याच दिवसांत नागपूरला ३.५ होतं.

आणि आकडा मोजतात तो माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत. गवतावरचं तापमान त्याहून बरंच कमी असतं. म्हणून आकडा ४ असतानाही पानावरचं दव गोठलेलं दिसू शकतं.

---

मळ्यातली
@हवा_पाणी, तो २०१८ चा डिसेंबर म्हणजे बाबांचा शेवटचा हिवाळा. त्या वहीत ३० तारखेला लिहिलंय 'बादलीत काच'. अंगणातल्या बादलीवर पातळ पापुद्रा धरला होता, मला फोन करून सांगितलं होतं त्यांनी, अगदी लहान मुलासारखं.

---

पाणथळ
सुंदर धागा. नांदूरमध्यमेश्वर कुणी काढलं नाही अजून म्हणून मी काढतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा, गाळ साचून झालेली पाणथळ, आणि २०२० ला जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. निफाडपासून हाकेच्या अंतरावर.

माझ्यासाठी थंडी आली हे पक्षी सांगतात. पण बदकं नव्हे, थापट्या आणि तलवार बदकं येतात तीही खूण आहेच, पण पहिला येतो धोबी. करडा-पांढरा, चिमणीपेक्षा थोडा लांबट, शेपटी सारखी खाली-वर आपटणारा. सप्टेंबर-ऑक्टोबरात एका सकाळी गच्चीवर किंवा बसस्टँडच्या डबक्याजवळ तुरूतुरू पळताना दिसतो. हजारो किलोमीटर उडून आलेला एवढासा जीव आणि आपण त्याच्या बाजूने स्कूटर काढून निघून जातो. मी दरवर्षी त्याची तारीख लिहितो, म्हणून तुमच्या बाबांची वही फार जवळची वाटली. 'गा.' ने पक्षी आठवतोय का बघतो... गायबगळा? पण तो बारा महिने असतो. नाही जमत.

---

बर्फातला_निफाडकर
मी पिंपळगाव बसवंतचा, नऊ वर्षं कॅनडात. इथे उणे २० बघितलंय. तरी सांगतो, आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी मला आमच्या पत्र्याच्या घरात वाजली. इथे दार लावलं की आत २१. आपल्याकडे बाहेर ६ तर आतही ९, फरशी गार, पाणी गार, आणि पहाटे पाचला आजोबा बंब पेटवायचे तेव्हा त्या तांब्याच्या बंबाला पाठ लावून आम्ही उभे राहायचो. इथल्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

'गा.' बद्दल: गाठोडं? गोधड्यांचं गाठोडं माळ्यावरून काढलं तो दिवस?

---

मळ्यातली
@बर्फातला_निफाडकर, हे मलाही पटलं होतं म्हणून आत्ता आईला विचारून आले. ती म्हणते नवरात्राच्या आधी सगळ्या गोधड्या नदीवर धुवून व्हायच्या आणि तेव्हाच गाठोडं सुटायचं. म्हणजे आश्विनाच्याही आधी. तारीख जुळत नाही.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली. बाबा उन्हाळा-पावसाळा बाहेर ओट्यावर झोपायचे आणि थंडीतही, अगदी कडाका पडेपर्यंत. आम्ही आत, ते एकटे बाहेर. घर मळ्यात, आजूबाजूला फक्त शेतं.

---

अलिबागी
आमच्याकडे थंडी म्हणजे काय विचारू नका, पंखा एकवर आणला की थंडी. पण वालाच्या शेंगा आल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. पोपटीचा वास अंगणात आला की कोकणातली थंडी आली.

---

धुळेकर_भाऊ
पोपटीसाठी वेगळा धागा काढा, इथे भूक लागते.

---

सिस्टर_ताई
मी तालुक्याच्या ठिकाणी नर्स आहे, विषय थोडा सोडून बोलते पण दर हिवाळ्यात हे बघते म्हणून. शेगडीत कोळसे पेटवून बंद खोलीत ठेवून झोपू नका. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, धूर दिसत नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. बाथरूममधला गॅस गीझरही तसाच, खिडकी उघडी पाहिजे. वयस्कर माणसांना पहाटे एकदम गार हवेत पाठवू नका, बीपीवाल्यांना तर अजिबात नाही. रानवारा, तुमच्या वडिलांना निदान कानटोपी आणि गमबूट तरी घालायला लावा, आणि एकटं सोडू नका.

---

रानवारा
@सिस्टर_ताई, गमबूट आणलेत, वापरत नाहीत. आज पुन्हा सांगतो.

---

शाळाबाई
ऊसतोडीची माणसं आली की माझ्यासाठी थंडी आली. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून बिऱ्हाडं येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे चारला बाया कोयता घेऊन निघतात, लेकरू बांधावर गोधडीत. त्यातली सहा-सात मुलं दरवर्षी माझ्या वर्गात येऊन बसतात, एकाच्याही अंगात स्वेटर नसतो. आम्ही शिक्षक मिळून जुने स्वेटर गोळा करतो. मागच्या वर्षी एका मुलीने मिळालेला स्वेटर घातलाच नाही, विचारलं तर म्हणाली, भावाला रात्री लागतो. कुणाच्या घरी लहान मुलांचे असतील तर गावातल्या शाळेत नेऊन द्या, खरंच द्या.

---

कादवाकाठ
@शाळाबाई, आमच्या शेजारच्या प्लॉटवर तीन कोप्या आहेत. घरात मुलांचे बरेच पडलेत, उद्याच देतो.

---

रुळांवरून
उशीर झाला यायला. वडील रेल्वेत होते, लहानपण मनमाडच्या क्वार्टरमध्ये गेलं, पुढे लासलगावला काही वर्षं. थंडी म्हटलं की मला चव-बिव नाही आठवत, आवाज आठवतो. उन्हाळ्यात यार्डातलं शंटिंग घराजवळ असूनही नुसती खडखड वाटायची. आणि थंडी पडली की लांबची मालगाडी सुद्धा अशी ऐकू यायची की वाटावं उशाशी चाललीय, प्रत्येक सांध्यावरचा खट-खट मोजता यायचा. वडील अंथरुणातूनच सांगायचे कुठली गाडी, किती लेट. मला वाटायचं त्यांना जादू येते. का होतं हे हवा_पाणी सांगू शकतील का?

---

हवा_पाणी
@रुळांवरून, जादू नाही पण जवळपास तसंच. मघाशी म्हणालो ना, थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. नेहमीच्या उलट. आवाज उबदार हवेत जोरात आणि गार हवेत हळू पळतो, त्यामुळे वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली जमिनीकडे येतो. दिवसा याच्या बरोबर उलट, आवाज वर निघून जातो. शिवाय वारा पडलेला, घरोघरचे पंखे बंद. उन्हाळ्यातही पहाटे थोडंफार होतं पण वारा असतो, म्हणून इतकं स्पष्ट नाही. पावसाळी ढगाळ रात्री तर नाहीच.

धुराचं पण तेच. संध्याकाळी चुलीचा धूर वर न जाता पत्र्याच्या उंचीवर आडवा पसरलेला दिसला की समजायचं आज रात्री पारा उतरणार.

---

चुलीवरची
आडवा धूर! अगदी अगदी. शेणीचा वास आणि तो निळसर पट्टा. मला वाटायचं फक्त आमच्या गल्लीत होतं.

---

मळ्यातली
१७ नोव्हेंबर, रात्री ११:५०

थांबा.

गाडी. 'गा.' म्हणजे गाडी.

रुळांवरून यांचं वाचलं आणि अंगावर काटा आला. ओट्यावर झोपायचे ते. आमच्या घरापासून स्टेशन लांब, मध्ये सगळे मळे, दिवसा गाडी कधीच ऐकू येत नाही. लगेच उठून वह्या पुन्हा काढल्या, आई म्हणतेय झोप आता. १९९२ च्या मे महिन्यात एका पानावर समासात आहे 'गा. लेट. मामा रात्री ११ ला'. १९८५ ला 'गा. चुकली'. बाबा गाडीला 'गा.' च लिहायचे! मी फक्त थंडीच्या नोंदी बघत बसले होते.

म्हणजे पहाटे ओट्यावर पडल्या पडल्या ज्या दिवशी पहिल्यांदा गाडी ऐकू आली तो दिवस. दुकानात गेल्यावर पहिलं ते लिहायचं, मग हवा भरायचा पंप बाहेर काढायचा.

---

रुळांवरून
ताई, डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना फोन करून वाचून दाखवलं, ते ८१ वर्षांचे आहेत. म्हणाले, "बरोबर ओळखलं होतं त्या माणसाने."

---

हवा_पाणी
चाळीस वर्षांची नोंद, एकच माणूस, एकच जागा, एकच पद्धत. ताई, या तारखा एका कागदावर उतरवून ठेवा. वह्यांना वाळवी लागू देऊ नका. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

---

पाणथळ
+१. माझी धोब्याची वही आणि ही वही शेजारी ठेवून बघायला फार आवडेल. माझी २००४ पासूनची आहे.

---

धुळेकर_भाऊ
मान गये. मी भरीत मागे घेतो.

---

चुलीवरची
@धुळेकर_भाऊ, भरीत मागे घ्यायचं काही कारण नाही.
ताई, या वर्षी ऐकू आली का गाडी?

---

मळ्यातली
अजून नाही. कालपासून मी आणि आई ओट्यावर झोपतोय. काल ढग होते. आई म्हणाली, इतकी वर्षं मी आत झोपले आणि हे बाहेर काय ऐकत होते ते मला कधी कळलंच नाही. मग बराच वेळ आम्ही दोघी जाग्या होतो पण बोललो नाही.

---

कादवाकाठ
ढग आज निघतील ताई, वारा फिरलाय दुपारपासून. ढग गेलेले बरे, मला ते नको आहेत. २०२३ ला २६ नोव्हेंबरला गारांनी आमच्या तालुक्यात जे केलं ते अजून फिटलेलं नाही, घड अक्षरशः जमिनीवर पडलेले. थंडी पडली तर शेकोटी करता येते, गारांना काय करणार.

---

मळ्यातली
२१ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

पहाटे चार वाजून दहा-बारा मिनिटांनी. आधी नुसती गुणगुण, मला वाटलं लांब कुणाची मोटार चालू झाली. मग शिट्टी, आणि मग खट-खट, खट-खट, अगदी शेवटच्या डब्यापर्यंत. मालगाडी असावी, खूप वेळ चालली. आईने माझा हात धरला होता. आभाळ एकदम स्वच्छ, गोधडी वरून ओली झालेली.

वहीत २०१८ नंतरची बरीच पानं कोरी आहेत. आईने चष्मा लावून स्वतः लिहिलं, '२१ नोव्हें. थंडी आली.' आणि पुढे 'गा.' लिहून गोल केला. अक्षर जरा थरथरलंय.

---

रुळांवरून
🙏

---

कादवाकाठ
आज पहाटे माझ्या बागेत ९ होतं. खतांच्या दुकानातून जुने पेपर आणायला निघालोय, आठवड्याभरात लावायला घेऊ. स्वेटर दिले काल, शाळाबाई. अकरा होते. एक अगदी लहान बाळाचा पण निघाला, तो कोपीतल्या बाईने तिथल्या तिथे घातला लेकराला.

---

शाळाबाई
खूप खूप आभार दादा. मोजे असतील कुणाकडे तर तेही चालतील. मोठ्यांचे पण.

---

रानवारा
वडिलांनी काल गमबूट घातले. सिस्टर_ताईंना सांगा.